जन्म कुठला, त्यावर रांग कुठली

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत. चौघांची दुखणी वेगळी दिसली तरी मूळ एकच आहे. अमेरिकेचा कायदा वेगवेगळ्या देशांतून आलेल्या माणसांना वेगवेगळ्या मापाने मोजतो. नव्या वाचकांसाठी सांगते, मी वकील नाही. न्यू जर्सीतल्या युनियन सिटीत, बर्गनलाइन ॲव्हेन्यूवरच्या एका वकिलांच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं इमिग्रेशनचे अर्ज भरले, कागद जुळवले, फायली लावल्या. स्वतःच्या केससाठी वकिलाचा सल्ला घ्याच. मी उत्तरं देते ती डोळ्यांनी पाहिलेल्या आणि हाताखालून गेलेल्या कागदांवरून.

प्रश्न : ताई, माझा मुलगा २००९ साली एम.एस. करायला टेक्सासला गेला. २०१५ पासून ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. त्याच्याच टीममध्ये नेपाळचा एक मुलगा आहे. त्याला काम माझ्या मुलाने शिकवलं. त्या मुलाला ग्रीन कार्ड मिळून आता तीन वर्षं झाली. मागच्या वर्षी माझे यजमान गेले. इथे आलो तर परत जाताना अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन व्हिसाचं स्टॅम्पिंग करावं लागेल, मुलाखतीची तारीख मिळाली नाही तर अडकून पडू आणि नोकरी जाईल, या भीतीने मुलगा दहाव्यालाही येऊ शकला नाही. त्याने फोनवरून सगळं पाहिलं. त्याचं काही चुकलं का? कागद भरताना काही राहिलं का? — एक आई, कोथरूड, पुणे

नाही. तुमच्या मुलाचं काहीही चुकलेलं नाही, आणि कागदही राहिलेला नाही. हे मी सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण आमच्या ऑफिसात खुर्चीत बसल्याबसल्या प्रत्येक आईबाप हेच विचारायचे. मुलंही रात्री जागून जुनी पत्रं उलगडून बघायची, कुठे खोट राहिली ते शोधायची. खोट त्यांच्या कागदात नसायची.

झालंय ते असं. नोकरीच्या आधारावर दर वर्षी साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं द्यायची, असं १९९० च्या कायद्याने ठरवलं. त्यात फक्त नोकरी करणारा धरलेला नाही, त्याची बायको आणि मुलंही त्याच आकड्यातून जातात. त्यावर आणखी एक अट आहे, की कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून जास्त जायचं नाही. तुमचा मुलगा बहुधा ईबी-टू, म्हणजे उच्च पदवी घेतलेल्यांच्या गटात असेल. त्या गटाला वर्षाला सुमारे ४०,००० मिळतात. त्याचे ७ टक्के म्हणजे साधारण २,८००, बायकामुलांसकट. चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलँडला जी मर्यादा, तीच एकशे चाळीस कोटींच्या भारताला. नेपाळलाही तीच. नेपाळमधून या गटात येणारे थोडे, त्यामुळे त्यांची मर्यादा कधी भरतच नाही. आपली पहिल्या दिवशीच भरलेली असते.

देश म्हणजे इथे जन्माचा देश. पासपोर्ट कुठला, शिक्षण कुठे झालं, कर कुठे भरता, हे कोणी विचारत नाही. नाशकात जन्मलेला माणूस पुढे कॅनडाचा नागरिक झाला तरी या रांगेत तो भारताचाच राहतो.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते सांगते. एच-वन या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाला देशाची मर्यादाच नाही. गेली कित्येक वर्षं मंजूर होणाऱ्या एच-वनमध्ये दहातले सात भारतीय आहेत. म्हणजे कामाला बोलावताना जन्म कुठला ते विचारायचं नाही आणि घरात राहू द्यायची वेळ आली की विचारायचं. बाहेरचं दार सताड उघडं आणि आतल्या दाराला फट तेवढी. मधल्या पडवीत लाखो माणसं उभी आहेत. ती तिथेच लग्नं करतात, मुलं वाढवतात, घराचे हप्ते फेडतात, आणि वडील गेल्याचा फोन घेतात.

ही अट मुळात कोणाला छळायला आणलेली नव्हती, हेही सांगायला हवं. १९२४ च्या कायद्याने उत्तर आणि पश्चिम युरोपातल्या देशांना मोठे वाटे दिले होते आणि आशियाला जवळजवळ काहीच नाही. १९६५ साली तो वाटपाचा कायदा मोडला, तेव्हा कोणत्याच देशाचे लाड नकोत म्हणून सारखी मर्यादा घालायची पद्धत आणली. आपल्या आधीच्या पिढीतले डॉक्टर, इंजिनियर अमेरिकेत स्थिरावले ते त्याच कायद्यामुळे. पण देशाला देश सारखा मोजला की माणसाला माणूस सारखा मोजला जात नाही. ते वाटप तेव्हाही जन्मावरून होतं, आजही जन्मावरूनच आहे.

बदल होईल का, असं तुम्ही पुढे विचाराल. जुलै २०१९ मध्ये ही ७ टक्क्यांची अट काढायचं विधेयक कनिष्ठ सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन मसुद्यांचा मेळ बसायच्या आत त्या सभागृहांची मुदत संपली. मीही आशेवर होते. पण आमच्या ऑफिसात येणाऱ्या फिलिपिनो नर्सेसना त्या विधेयकाची धास्ती वाटायची, तेही मी पाहिलं आहे. ताटातली भाकरी तेवढीच ठेवून फक्त वाढायचा क्रम बदलला, तर आपल्याऐवजी त्या उपाशी राहणार होत्या. मला विचाराल तर आधी बायकामुलांना त्या १,४०,००० मधून बाहेर काढावं. तेवढ्यानेही रांग निम्मी हलकी होईल.

मुलाला सांगा, कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं दर महिन्याचं सरकारी व्हिसा बुलेटिन जरूर बघ, पण डेट चार आठवडे पुढे सरकली की आनंद आणि मागे गेली की अंथरूण, असं करू नकोस. कायदा बदलावा म्हणून मोहिमा करून दमलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि आई, दहाव्याला न येणं हा मुलाचा दोष नाही, हे त्याला तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या. ते त्याला दुसरं कोणी सांगू शकत नाही.

प्रश्न : मी जन्माने सोलापूरचा. पत्नीचा जन्म मस्कतचा, तिचे वडील तिथे नोकरीला होते. दोघंही भारतीय नागरिक. मित्र म्हणतो, याचा मला फायदा होतो. खरं आहे का? — एक वाचक, न्यू जर्सी

खरं आहे, आणि हे आजवर वकिलाला सांगितलं नसेल तर उद्याच सांगा. जन्माचा देश पाहताना जोडीदाराचा देश धरायची मुभा कायद्यात आहे. पत्नी तुमच्याबरोबरच ग्रीन कार्ड घेणार असेल तर तुम्ही भारताच्या रांगेतून निघून ओमानच्या रांगेत जाता. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, तुमची तीच राहते. पत्नीचा मस्कतचा मूळ जन्मदाखला लागेल. तिच्या माहेरी ट्रंकेत असेल तर आत्ताच शोधायला लावा. हरवला असेल तर तिथून दुसरी प्रत काढायला वेळ जातो. मुलाच्या जन्मावरून मात्र आईबापांना अशी सवलत मिळत नाही.

तुमच्यासाठी मला आनंद आहे. पण वरचं कोथरूडचं पत्र वाचून मग हे वाचा. दोघांनी सारखं शिक्षण घेतलं, सारखं काम केलं. एकाच्या सासऱ्यांनी काही वर्षं आखातात नोकरी केली, म्हणून एकाची वाट दशकाने कमी झाली.

प्रश्न : मॅडम, मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. माझा मुलगा आणि सून बारा वर्षं कायदा पाळून, कर भरून ग्रीन कार्डची वाट पाहत आहेत. दुसरीकडे होड्यांत बसून आलेल्यांना, सीमा ओलांडून आलेल्यांना आसरा मिळतो, काम करायचा परवाना मिळतो. आमची मुलं शिकलेली, सुसंस्कृत आहेत. सरकारने त्यांच्यात आणि या लोकांत फरक करायला नको का? आपल्या लोकांनी ही मागणी जोरात का करू नये? — एक वाचक, नाशिक

सर, तुमचा राग मला समजतो. तो मी स्वतः अनुभवला आहे. १९९६ साली मी नागरिक झाले आणि पुढच्याच वर्षी साताऱ्यातल्या माझ्या भावासाठी अर्ज केला. त्याची मोठी मुलगी तेव्हा पंधराची होती. नंबर लागला २००९ मध्ये, तेव्हा ती सत्तावीसची. एकवीस झाल्यावर मूल म्हणून धरत नाहीत, त्यामुळे ती तेव्हाच त्या अर्जातून गळून गेली होती. दोन मुलींपैकी एकीला न्यायचं आणि एकीला ठेवायचं हे भावाला जमलं नाही. तो आलाच नाही. बारा वर्षांची वाट आणि शेवटी रिकामा हात म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलेलं नाही.

तरीही तुमच्या मागणीला मी हो म्हणणार नाही. का, ते सांगते. थोडं सविस्तर सांगावं लागेल.

होडीतून आलेल्या सगळ्यांना आसरा मिळतो, हेच आधी खरं नाही. युनियन सिटीला लोक हडसनकाठची हवाना म्हणत, इतकी तिथे क्युबन वस्ती. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारीही क्युबन होती. इर्व्हिंग्टन आणि ईस्ट ऑरेंजच्या बाजूला हैतीची माणसं. दोन्ही बाजूंचे लोक आमच्याकडे यायचे. क्युबा आणि हैती यांच्यामध्ये समुद्राचा जेमतेम ऐंशी किलोमीटरचा पट्टा आहे. पाणी तेच, होड्या त्याच, वादळं तीच.

१९९९ च्या डिसेंबरात एकाच आठवड्यात मी दोन फायली लावल्या. पहिली एका क्युबन सुताराची. आदल्या वर्षी तो फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागला होता. १९६६ च्या क्युबन ॲडजस्टमेंट कायद्याप्रमाणे क्युबन माणसाने अमेरिकेत पाऊल टाकलं, त्याला रीतसर आत घेतलं आणि निदान एक वर्ष झालं, की तो ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो. छळ झाला हे सिद्ध करायला लागत नाही. क्युबन आहे हे सिद्ध केलं की पुरे. १९९५ पासून त्याला एक पुस्ती जोडली गेली होती. समुद्रात सापडला तर परत, जमिनीला पाय लागला तर आत. लोक ‘ओले पाय, कोरडे पाय’ म्हणत. या सुताराचे पाय कोरडे होते. त्याची फाईल पातळ होती. जन्मदाखला, आत घेतल्याचा शिक्का, फोटो, वैद्यकीय तपासणी. एका दुपारी लावून झाली. सही करताना त्याने तळहात दाखवले. वल्ह्याने सोलवटलेल्या जागी कातडी अजून गुलाबी होती. त्याला मिळालं याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुसरी फाईल हैतीच्या एका बाईची. इर्व्हिंग्टनहून दोन बस बदलून यायची. ती नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करायची, त्यामुळे समोर बसली की डोळे मिटायचे. तिच्या फाईलला दोन लोखंडी क्लिपा लागायच्या. गावच्या पाद्र्याचं पत्र, नवऱ्याला मारल्याची साक्ष, फ्रेंचमधल्या कागदांची भाषांतरं, भाषांतर बरोबर असल्याची शपथपत्रं. १९९८ साली हैतीच्या लोकांसाठी एक सवलतीचा कायदा झाला होता आणि ती त्या आशेने आली होती. त्या कायद्याची अट होती, की ३१ डिसेंबर १९९५ रोजी अर्जदार अमेरिकेत असला पाहिजे. ती आली होती २१ फेब्रुवारी १९९६ ला. बावन्न दिवस. वकिलांनी तिला सांगायचं काम माझ्याकडे दिलं. मी कॅलेंडर पुढे ठेवून दाखवलं. तिने बोटाने घरं मोजली, बावन्नच भरली, आणि तिने कागद गोळा करून पिशवीत नीट घातले.

या दोघांत फरक काय होता? सुतार साम्यवादी सरकारपासून पळाला होता, म्हणून निर्वासित. बाई ज्या देशातून पळाली तिथले राज्यकर्ते अमेरिकेचे मित्र असत, म्हणून तिथून येणारे पोटासाठी आलेले. शीतयुद्धात हे ठरलं आणि पुढे तसंच चालू राहिलं. सप्टेंबर १९८१ मध्ये रेगन सरकारने हैतीच्या दुवालिए राजवटीशी करार केला आणि हैतीच्या होड्या भर समुद्रात अडवून परत पाठवायला सुरुवात केली. १९९० पर्यंत सुमारे २३,००० माणसं अशी अडवली. त्यांतल्या किती जणांना आश्रयाचा अर्ज करण्यालायक ठरवलं, माहीत आहे? अकरा. तेवीस हजारांत अकरा. १९९३ साली सुप्रीम कोर्टानेही आठ विरुद्ध एक मताने हे अडवणं कायद्यात बसतं असं ठरवलं.

क्युबन सुतारापेक्षा ती बाई कमी कष्टाळू होती, कमी सुसंस्कृत होती, असं कोणी म्हणू शकेल का? २०१० च्या भूकंपानंतर तिला तात्पुरतं संरक्षण मिळालं, जे साधारण दर अठरा महिन्यांनी पुन्हा मागावं लागे. मी २०१७ ला निवृत्त झाले तेव्हाही ती तात्पुरतीच होती. आणि क्युबन लोकांची ओल्या-कोरड्या पायांची सवलत त्याच वर्षी जानेवारीत एका दिवसात काढून घेतली गेली. जे लाड सरकारच्या गरजेपोटी होतात ते गरज सरली की संपतात.

अगदी अलीकडचं बघा. जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांना आत घेण्याचा सगळा कार्यक्रम थांबवला. अमेरिकेच्या बाजूने काम केलेले अफगाण लोक तपासण्या पूर्ण होऊन बसले होते, ते तसेच राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांचा पहिला गट खास विमानाने आणून विमानतळावर त्यांचं स्वागत केलं. व्हिसाची लॉटरी घ्या. कायद्याने वर्षाला ५५,००० पर्यंत ग्रीन कार्डं, पण ज्या देशातून आधीच पुष्कळ लोक येतात त्यांना बंदी, म्हणून भारताला नाही. तिची सुरुवात मात्र आयरिश लोकांची सोय व्हावी म्हणून झाली. १९९० च्या कायद्यात पहिली तीन वर्षं ४० टक्के वाटा आयर्लंडला राखून ठेवला होता. देशाला ७ टक्के हे ज्या कायद्यात लिहिलं, त्याच कायद्यात हे ४० टक्केही लिहिले.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते. शिकलेले आणि सुसंस्कृत म्हणून आपल्याला वेगळं काढा, ही मागणी आपल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात करून पाहिली आहे, सर.

भगतसिंग थिंड हे पंजाबी शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. थिंड यांच्या बाजूने मांडणी केली ती सखाराम गणेश पंडित नावाच्या वकिलांनी. नाव ऐकून कोणालाही आपल्यातलेच वाटावेत असे. मांडणी काय होती, तर उच्चवर्णीय हिंदू (तेव्हा अमेरिकेत सगळ्याच भारतीयांना हिंदू म्हणत) हे आर्य, म्हणून ते गोरेच. आणि पुढे असंही, की उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस काळ्यांकडे पाहतो. आम्ही खालच्यांना खालचंच मानतो, म्हणून आम्हाला वर घ्या. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला हे वाचताना मान खाली घालावी लागते. निदान मला लागली.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं, की आर्य वगैरे विद्वानांच्या गोष्टी राहू द्या, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा, आणि हिंदू त्यात येत नाही. त्यानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोतले वैष्णोदास बगाई यांचं दुकान, घर, सगळं त्यात हातचं गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

सरकारने खुद्द पंडितांवरही खटला भरला. इथे मात्र त्यांनी आपण गोरे आहोत हा वाद मुख्य ठेवलाच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की कोर्टाने १९१४ मध्ये मला नागरिक केलं, तेव्हा सरकारने अपील केलं नाही, त्या शब्दावर विश्वासून मी वकिली उभी केली, घर केलं, संसार केला, आता तो शब्द मागे घेता येणार नाही. १९२६ मध्ये ते जिंकले. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला आणि नागरिकत्व काढून घेण्याच्या बाकीच्या खटल्यांमधली हवा गेली. वकील तोच, अशील त्याच समाजाचा. आम्ही इतरांपेक्षा वरचे, या युक्तिवादाने थिंड हरले. तुमच्या शब्दावर मी आयुष्य उभं केलं, या युक्तिवादाने पंडित जिंकले.

कायद्याने आपल्याला नागरिकत्व मिळायला १९४६ उजाडलं. तेव्हाही वाटा किती, तर सगळ्या भारताला मिळून वर्षाला १००.

म्हणून तुमच्या मुलासाठी मागायचं असेल तर हे मागा : बारा वर्षं तुम्ही त्याला बोलावून ठेवलंत, कर घेतलात, त्याची मुलं तुमच्या शाळेत घातलीत, आता शब्द पाळा. ती हैतीची बाईही नेमकं हेच मागत होती. तिने तिच्या नर्सिंग होममध्ये बावीस वर्षं म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलली. तिच्या परवान्यामुळे तुमच्या मुलाची तारीख एका दिवसानेही मागे गेलेली नाही, कारण आश्रयाचे आकडे आणि नोकरीचे आकडे एका खात्यातले नाहीतच. हे मी मत म्हणून नाही, फायली लावलेली बाई म्हणून सांगते आहे.

प्रश्न : मावशी, मी १९ वर्षांची आहे. चार वर्षांची असताना आईबाबांबरोबर एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्यांच्या बायकामुलांच्या व्हिसावर आले. मराठी बोलते, पण हे पत्र आईने टाइप केलंय. बाबांची प्रायॉरिटी डेट २०१६ ची आहे. २१ झाल्यावर मी एच-फोरवर राहू शकणार नाही असं कळलं. माझ्या बहिणीचा जन्म इथला, तिला काही प्रॉब्लेम नाही. मी काय करू? — एक विद्यार्थिनी, न्यू जर्सी

बाळा, तुला भीती घालत नाही आणि खोटा दिलासाही देत नाही. दोन वर्षं आहेत, ती कामाला लावूया.

एक म्हणजे वयाची वजाबाकी. २००२ च्या एका कायद्याने, बाबांच्या ग्रीन कार्डसाठी त्यांच्या कंपनीने केलेला आय-१४० अर्ज जितके दिवस मंजुरीविना पडून होता तितके दिवस तुझ्या वयातून वजा होतात. बाबांना विचार, अर्ज प्रीमियममध्ये, म्हणजे लवकर निकालासाठी जादा फी भरून, केला होता का? केला असेल तर तो पंधरा दिवसांत मंजूर झाला असेल आणि वजा करायला फक्त पंधरा दिवस उरतील. साध्या रांगेत टाकला असेल तर कदाचित सात-आठ महिनेही मिळतील. त्यांनी तेव्हा चांगल्यासाठीच घाई केली असेल, म्हणून त्यांना दोष देऊ नकोस. वय मोजताना बुलेटिनमधला कुठला तक्ता धरायचा, हा नियम ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा बदलला आहे आणि तो तुझ्यासारख्यांना आधीपेक्षा कडक आहे. हे वकिलाकडून तपासून घे.

दुसरं, एकवीस व्हायच्या आत एच-फोरवरून विद्यार्थ्याच्या एफ-वन व्हिसावर जायचा अर्ज करावा लागेल. शेवटच्या महिन्यावर ठेवू नकोस, निदान आठ-नऊ महिने हाताशी ठेव. तुझ्या कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस असेल. तू आजवर तिथे गेली नसशील, कारण तू स्वतःला परदेशी समजत नाहीस. तरी याच आठवड्यात जा. फी राज्यातल्या विद्यार्थ्याची लागेल की बाहेरच्याची, हे लेखी विचार. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. आणि एफ-वन झाल्यावर भारतात जाऊन स्टॅम्पिंग करायची वेळ आली तर आधी वकिलाशी बोल. बाबांच्या ग्रीन कार्डच्या अर्जात तुझं नाव आहे, त्यामुळे तू शिकून भारतात परतणार नाहीस, अशी शंका तिथे घेतली जाऊ शकते.

तिसरं वरच्या मस्कतवाल्या उत्तरातलं. आईचा किंवा बाबांचा जन्म भारताबाहेरचा असेल तर तो धरता येतो. दोघंही भारतातलेच असतील असं मी धरते आहे, पण आमच्याकडे एक मुलगा आला होता, त्याची आई नैरोबीत जन्मलेली हे घरात कोणी वकिलाला सांगितलंच नव्हतं. विचारून बघ.

बहिणीवर रागावलीस तरी मी समजू शकते. पण तिलाही एकदा हे सगळं समजावून सांग. घरात दोन बहिणींचे कागद वेगळे असतात तेव्हा धाकटीला बहुतेक वेळा काहीच माहीत नसतं.

बाबांच्या आय-१४० ची पावती आणि मंजुरीचं पत्र, दोन्हींवर तारखा असतात. बाकी सगळं झाकून फक्त त्या दोन तारखा आणि तुझी जन्मतारीख मासिकाच्या पत्त्यावर पाठव. वजाबाकी मी करून देते, आणि मग ती तुमच्या वकिलाला दाखव.